पिंगुळीच्या गोठ्याबाहेरचा काळा चेंडू

"ऑक्टोबरात ये. गोमाश्या पकडायच्यात," सुषमा फोनवर म्हणाली आणि मी तिकीट काढलं. समुद्रासाठी सिंधुदुर्गात जाणारे पुष्कळ, माश्यांसाठी निघालेली मी एकटीच असेन. सुषमा माझी कॉलेजातली मैत्रीण, आता कुडाळला प्राणिशास्त्र शिकवते.

कुडाळ स्टेशनवरून पिंगुळीला रिक्षा मिळते. भाडं आधीच ठरवून घ्या. सुषमाच्या काकीने आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ करून ठेवली होती. गेल्या वर्षी काकीची म्हैस सर्रा नावाच्या रोगाने गेली. रक्त पिणाऱ्या गोमाश्या हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. आता दुसरी म्हैस गाभण होती आणि काकी दुपारभर तिच्याजवळ बसून माश्या हाकायला डहाळी हलवत होती.

सुषमाने काजूखाली सापळा उभारला: वर पांढऱ्या जाळीचा शंकू, टोकाला बाटली, खाली टांगलेला काळा चेंडू.

"ह्या काय गो? दिष्टीक बांधलंस?" काकीने विचारलं.

"नाय गो. माशीक ती म्हशीची पाठ वाटता. रगात मिळाक नाय की ती उजेडाकडे वर उडता आणि बाटलेत अडाकता."

"म्हशीक सोडून चेंडवाक कोण चावतला?"

संध्याकाळी बाटलीत एक पाकोळी होती, गोमाशी एकही नाही. "चेंडू लहान आहे, रंग मळकट आहे, आणि वर सावली," जेवताना सुषमा मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एसटीने वेंगुर्ले गाठलं. मोठा चेंडू आणि चकाकणारा काळा ऑइल पेंट घेतला. बंदराजवळच्या खानावळीत तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं खाल्लं. जेवायला लवकर जा, बांगडा संपतो.

रंग वाळल्यावर चेंडू गोठ्याबाहेर, भर उन्हात टांगला. आम्ही ओटीवर बसलो. एक गोमाशी आली, चेंडूवर बसली, चिडल्यासारखी फिरली आणि सरळ वर गेली. मग दुसरी. संध्याकाळपर्यंत बाटलीचा तळ दिसेना. काकी बाटलीला कान लावून म्हणाली, "गो बाय! माशी इतकी येडी आसता?" आणि तिघी पोट धरून हसलो.

पुण्यात परतून महिना झाला. म्हैस व्याली, रेडकू धडधाकट आहे, गुरांच्या डॉक्टरांनी म्हशीचं रक्त तपासलं, त्यात रोग नाही. एका सापळ्याला एवढं श्रेय देऊ नकोस, असं सुषमा बजावते. खरंच आहे. मला मात्र त्या सहलीतलं सगळ्यात जास्त आठवतं ते तिघींचं हसणं. काल काकीचा फोन आला.

"दुपारचो फोन करीत जा गो," ती म्हणाली, "आता माका येळ आसता."