बाजीरावांचा रुमाल

राजश्री माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. सानपाड्यात आम्ही दोघी एकाच वर्षी राहायला आलो. ती महापेला एका कंपनीत नोकरी करते. नवऱ्याला सोडून तिला बरीच वर्षं झाली, आणि त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. रडण्यासारखं जे होतं ते यंदा मार्चमध्ये झालं. तिच्याकडेच राहणाऱ्या वडिलांना, बाजीरावांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिले डावा हात आणि डोळे.

बाजीराव मूळचे जुन्नरकडचे. वाशीच्या फळबाजारात आंब्याच्या गाळ्यावर माल विकण्यात त्यांचा जन्म गेला. हापूसची पेटी नुसती हुंगून आतला आंबा कसा ते सांगत, असं ते स्वतःच सांगत. बढाईखोर माणूस. लिफ्टमध्ये भेटले की माझ्या पिशवीतल्या फळांना नावं ठेवत. "बाई, पीएच.डी. झालात, पण चिकू तेवढा घेता येईना तुम्हाला." मला राग यायचा, कारण चिकू खरोखरच कच्चे निघायचे.

हॉस्पिटलात त्यांनी नाकातली नळी उपटली. पुन्हा घातली, पुन्हा उपटली. मग तिथल्या लोकांनी डावा हात पट्टीने खाटेला बांधून टाकला. राजश्री भेटायच्या वेळेला गेली तेव्हा ते त्या बांधलेल्या हाताची बोटं नुसती हलवत होते. घरी आणल्यावर ती मला एकच वाक्य पुनःपुन्हा सांगायची, "एकच हात उरलाय हो काकू, तोच बांधला."

घरी आले, पण तोंड उघडेनात. डॉक्टर म्हणाले, गिळता येतंय, गिळायचं नाहीये. पेज, खीर, वरणाचं पाणी, सगळं ओठांवरून हनुवटीवर. मनगट माझ्या मनगटाएवढं झालं. जूनच्या दोन तारखेला पुन्हा तपासणी ठरली. तोवर खाणं सुरू झालं नाही तर नळी. आणि नळी म्हणजे हात बांधणं, हे राजश्रीला पाठ झालं होतं.

एक जून हा बाजीरावांचा वाढदिवस. खरा नव्हे, शाळेच्या मास्तरांनी लावून दिलेला. राजश्रीचा भाऊ उदयसिंह बडोद्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "तायडे, आप्पांना काहीतरी मस्त गिफ्ट दे. मूड बदलला की जेवतील." एवढं बोलून तो मीटिंगला गेला. हिने मात्र ते डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं मनावर घेतलं. नेमकी वस्तू सापडली की आप्पा तोंड उघडतील, असं तिच्या डोक्यात बसलं.

मग पार्सलं यायला लागली. बाजीराव डाव्या हाताने उजवा खांदा सारखा चापटत. दिवसभर. हात वर जाई, खांद्यावर चाचपडे आणि रिकामा खाली येई. म्हणजे खांदा दुखतो, असं आम्ही ठरवून टाकलं. शेकायची पिशवी आली, मालिशचं यंत्र आलं, कसलंसं महागडं तेल आलं. चित्रांची पाटी आली, पेला हवा तर पेल्यावर बोट ठेवा म्हणून. ती त्यांनी भिरकावली.

"दुकान मांडलंयस का घरात?" मी म्हटलं.

"मग काय देऊ? तुम्ही सांगा ना!" ती ओरडली. "शिकलेल्या आहात, सांगा! त्यांना काय आवडतं हे मला माहीतच नाहीये, काकू. आयुष्यभर पहाटे जायचे, संध्याकाळी येऊन झोपायचे. आंबा सोडून माझ्याशी दुसरं बोललेच नाहीत."

 मी उलट तिलाच आवाज चढवू नकोस असं सुनावलं.

एकतीस तारखेला सकाळी ती दारात उभी राहिली. केसांना फणीही नव्हती. "बाजारात चला माझ्याबरोबर. जुन्नरचा हापूस सुरू झालाय. गावचा आंबा देते. तेवढंच उरलंय."

बाजीरावांजवळ त्यांच्या अटेंडंट बाईंना बसवून आम्ही रिक्षाने फळबाजारात गेलो. कोकणचा माल संपत आलेला, पेंढा पायात येत होता. बाजीरावांच्या शेजारच्या गाळ्यावरचे दिनानाथ पुढे आले, त्यांच्याच वयाचे. "आमचा दादा कसा हाय?"  राजश्री पेट्यांकडे बघत राहिली.

तेवढ्यात दिनानाथांकडे गिऱ्हाईक आलं. दिनानाथांचा हात झटकन खांद्यावर गेला, तिथला रुमाल खाली आला. रुमाल कसला, चांगला पंचाएवढा, आंब्याच्या चिकाने काळपटलेला. त्याच्याखाली दोघांनी हात घातले. तोंडाने एक शब्द नाही. आत बोटं धरली, सोडली, पुन्हा धरली. भाव ठरला. रुमाल परत खांद्यावर.

राजश्रीने माझा दंड असा पकडला की वळ उठला.

"काकू, खांदा दुखत नाहीये."

"काय?"

"आप्पांचा खांदा दुखत नाहीये! ते रुमाल शोधतायत. अहो, मी तो... ते हॉस्पिटलात होते तेव्हा मी घर आवरलं. एवढा कळकट, मला वाटलं... मी फरशी पुसायला दिला."

ती तिथेच एका पेटीवर बसून हमसाहमशी रडायला लागली. माणसं बघायला लागली. मी म्हटलं, "ऊठ. नंतर रड." आणि दिनानाथांना सरळ सांगितलं, "तुमचा रुमाल द्या. नवा आणून देऊ."

"रुमाल कुनी देतं व्हय, बाई?" ते दुखावलेच. मग राजश्रीकडे बघितलं, आणि खांद्यावरचा काढून तिच्या मांडीवर टाकला. "दादाचं नाव निघालं म्हणून देतो. धुवू नका."

"मला ते बोटांचं शिकवा," राजश्री म्हणाली.

"बायामाणसाला?"

"शिकवा!"

एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. तळहातावर बोट फिरवलं की नकार. "यात फकस्त भाव बोलायचा, पोरी," दिनानाथ म्हणाले. "सुखदुख न्हाई बोलता येत."

आंबा घ्यायचा राहूनच गेला.

घरी येऊन तिने रुमाल त्यांच्या खांद्यावर ठेवला. वाढदिवस उद्या होता, पण थांबतंय कोण! हात वर गेला आणि थांबला. रुमाल त्यांनी नाकाशी नेला.  तिने पेजेचा चमचा पुढे केला. तोंड बंद.

राजश्रीने चमचा ठेवला, रुमाल ओढून दोघांच्या हातांवर घेतला आणि आत पंजा धरला. पाच घास. मला तिचा चेहरा तेवढा दिसत होता.

"काय म्हणतायत?"

"एक."

"मग घे की एकावर!"

"तुम्ही थांबा हो, काकू!"

कितीतरी वेळ झटापट चालली. दोनावर सौदा पटला. बाजीरावांनी तोंड उघडलं, दोन चमचे पेज गिळली आणि मिटलं. तिने हळूच तिसरा नेला तेव्हा त्यांनी जो कटाक्ष टाकला, तो मी लिफ्टमध्ये चिकूंवर पडलेला पाहिला होता. तिने चमचा खाली ठेवला.

रात्रीही दोनच. वाढदिवसाला सकाळी एक, दुपारी तळहातावर बोट फिरलं. काही नाही. तिने रुमालाखाली किती विनवलं असेल, पण विनवणीला त्या भाषेत बोट नाही. संध्याकाळी उदयसिंहाचा फोन आला. "गिफ्ट आवडलं का?" तिने फोन माझ्या हातात दिला. मी त्याला म्हटलं, "उद्या नळीचं ठरणार आहे. तुला यायचं असेल तर आत्ता गाडी पकड," आणि फोन ठेवला.

दोन तारखेला सकाळी मी गेले तेव्हा फाइल, पाण्याची बाटली, चादर, सगळी पिशवी भरून तयार होती. राजश्री खाटेच्या कडेला बसली होती. पेज समोर निवत होती. सवयीने तिने रुमाल हातांवर ओढला होता, पण आतला हात तसाच टाकलेला. बोली लावायचं त्राणच नव्हतं. डोळ्यांतून नुसतं पाणी गळत होतं, आणि बाजीराव तिच्याकडे बघत होते.

रुमाल हलला.

तिने दचकून मान वर केली. "काकू, मी काही धरलं नव्हतं."

"मग?"

"त्यांनी धरली. तीन बोटं."

तीन घासांवर माणूस जगत नाही, हे मला कळतं. डॉक्टरलाही कळतं. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, "दे लवकर, निघायचंय."

राजश्रीने बाहीला नाक पुसलं, नीट सरसावून बसली, आणि रुमालाखाली अख्खा पंजा धरला.