काचेचं माहेर

माझी आत्या काच भाजायची. ज्वालामुखीतून उसळलेला रस गपकन थिजला की त्याची काळीशार काच होते. तिच्या कपच्या प्रयोगशाळेत आत्याच्या भट्टीकडे यायच्या. त्या काचेत डोळ्यांना न दिसणारं पाणी असतं. थोडं डोंगराच्या पोटातून रसाबरोबरच आलेलं, थोडं पुढे हजारो वर्षांच्या पावसापाण्यात मुरलेलं. आत्या कपची तोलायची, हळूहळू तापवायची, पुन्हा तोलायची. मुरलेलं पाणी थोड्या आचेलाच निघतं. मूळचं मात्र काचेला असं बिलगलेलं, की भट्टी रसरसल्याशिवाय हलत नाही. घाई केली की कुठलं कोणतं ते कळत नाही. आत्याने जन्मात घाई केली नाही.

एका सकाळी ती कामावर गेली, तर तिने आठ महिन्यांत तपासलेल्या कपच्यांचा खोका दाराशी, टाकाऊ सामानात पडलेला.

"मॅडम, हा इथं कसा?"

मॅडम महिन्यापूर्वीच प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणून आलेल्या. सगळ्यांसारख्या त्याही तिला आत्याच म्हणायच्या. म्हणाल्या, "आत्या, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याच वहीत आहे, जवळजवळ सगळं पाणी मागाहूनचं. अशी काच डोंगराबद्दल काय सांगणार? मी अहवालही लिहायला घेतलाय."

"माझ्या वहीत? दाखवा बघू."

मॅडमनी वजनांच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे काय, 'मा'. मागाहूनचं."

"आणि शेजारचा 'सा'?"

"सुरुवातीचं. घाईत उकाराचा काना झाला असेल."

"घाईत? मी?" आत्याने कमरेवर हात ठेवले. "अहो बाई, मा म्हणजे माहेरचं! जन्मापासून बरोबर आलेलं. नंतर अंगात मुरलं, ते सासरचं."

मॅडमनी दोन्ही रकाने पुन्हा वाचले. मग त्यांना हसू आवरेना. "म्हणजे सासरचं आधी सुटतं?"

"जरा आच लागू दे, लगेच. माहेरचं सुटता सुटत नाही. तुमचं लग्न झालंय ना?"

"झालंय म्हणून तर पटलं."

मॅडमनी खोका स्वतः उचलून फळीवर ठेवला. अहवालाचं पान टराटरा फाडलं.

"आत्या, यापुढे शब्द पूर्ण लिहायचे."

"कोणते? तुमच्या पुस्तकातले?"

"तुमचेच. पण पूर्ण."

आत्याने पेन घेतलं आणि दोन्ही रकान्यांवर ठसठशीत अक्षरांत माहेरचं, सासरचं असं लिहिलं. शाई वाळेपर्यंत थांबली. मग चिमट्याने पुढची कपची उचलून हलकेच काट्यावर ठेवली.