दगडखाणीतल्या काचा

त्या काचा आठवल्या की आजही माझ्या अंगावर काटा येतो. मी तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावरील एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी सुपारीच्या वाडीचे मालक, निवृत्त शिक्षक, ठाण्यात आले. आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, वाडीमागच्या बंद खाणीत कुणीतरी बार काढतंय."

"डुकराच्या शिकारीला आले असतील, गुरुजी."

"नाही हो. शिकारी एक बार काढून पळतो. हे एक काढतात, थांबतात, बोलतात, मग दुसरा. आणि आवाज दर वेळी निराळा."

पथक घेऊन गेलो. खाणीत कुणी नव्हतं. जांभ्याच्या भिंतीपुढे दोन जाड काचा उभ्या केल्या होत्या. एकीवर पांढऱ्या तड्यांची जाळी, गोळ्या आतच अडकलेल्या. दुसरीला आरपार भोक. तिच्यामागे पेंढा भरलेलं गोणपाट, बसलेल्या माणसाच्या उंचीला बांधलेलं. छातीच्या जागी पेंढा बाहेर आला होता. हवालदाराने टोपी काढून घाम पुसला.

पंचनामा करून काचा आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवल्या. तिथल्या तज्ज्ञाने फोन केला. "दोन्ही काचा एकाच प्रतीच्या. एकीने पिस्तुलं, गावठी कट्टा, सगळं अडवलंय. दुसरी रायफलीपुढे टिकली नाही. आणि साहेब, या काचा बुलेटप्रूफ गाडीच्या मागच्या दाराच्या आहेत."

तशी काच असलेली एकच गाडी मला माहीत होती. खुनाच्या एका खटल्यातली साक्षीदार, पेशाने परिचारिका, त्या गाडीतून न्यायालयात जायची. शेजारी मी बसायचो. ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या त्या गाडीच्या दाराचं माप घेतलं. खाणीतल्या काचांशी जुळलं.

जुन्या काचा धुरकट झाल्या म्हणून पनवेलच्या एका गॅरेजात बदलल्या होत्या. तिथल्या मिस्त्रीला चौकशीला आणलं.

"भंगारात गेल्या, साहेब. आपल्याला काय मालूम?"

दरडावूनही तो हलेना. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा आरडाओरड्यापेक्षा शांततेला जास्त घाबरतो. मी ते गोणपाट आणवून त्याच्यासमोर खुर्चीत ठेवलं.

"गाडीत या जागी एक बाई बसते," एवढंच म्हणालो.

तो बघत राहिला. मग त्याचा बांध फुटला. "जुन्या काचा मागायला आले ते बोलले, शेठची गाडी बनवायचीय, काच टेस्ट करायचीय. मग परत आले नि विचारलं, नवीन काच पण सेमच टाकली ना? तेव्हा समजलं, साहेब. भीतीने गप बसलो."

त्याने फोटोंवरून माणसं ओळखून दिली, पण ती फरार होती. सुनावणी दुसऱ्याच दिवशी होती. साक्षीदार बाईंना मी सगळं खरं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "त्या गाडीत माझा जीव घुसमटायचा. बोलले नाही. तुम्हाला वाटलं असतं, बाई उगाच घाबरते."

"उद्या यायचं ना?"

"येते. त्या गाडीतून नको."

सागरी पोलिसांच्या बोटीतून त्यांना नेलं. वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक होडीकडे मी संशयाने पाहत होतो. तिकडे गुन्हे शाखेने गाडीच्या नेहमीच्या रस्त्याच्या वळणावर, काजूच्या झाडीत, रायफलीसह दोघांना धरलं. न्यायालयात बाईंनी साक्ष पूर्ण केली.

रागाच्या भरात गोळी झाडणारे मी पुष्कळ पाहिले. गोळी झाडून, जवळ जाऊन, काय कमी पडलं ते शांतपणे तपासणारे तेव्हाच पाहिले. पुढे कुणालाही संरक्षण देताना मी आधी विचारायचो, "तुम्हाला भीती नेमकी कशाची वाटते?" उत्तर कितीही वेडगळ वाटलं तरी त्याप्रमाणे बंदोबस्त बदलायचो. ज्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, त्याला धोका आपल्याआधी दिसतो.