सुकटवालीची उदबत्ती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पनवेलचा आमचा जुना बाजार जळाला तो माझ्या इस्त्रीमुळे. ती चालूच ठेवून, दुकानाला कुलूप लावून मी दुपारचा जेवायला गेलो होतो.

माझ्या शिलाईच्या दुकानाच्या पायरीशी एक सुकटवाली बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी ती टोपलीच्या काठात उदबत्ती खोचायची. आगीत दुकानांची सगळी ओळ गेली, वरची बिऱ्हाडं विचुंब्याला भाड्याच्या खोल्यांत पांगली. नंतर कोणीतरी म्हणालं, त्या उदबत्तीनेच पेटलं असणार. मला विचारलं तेव्हा मी होकारार्थी मान हलवली.

हल्ली ती एसटी स्टँडबाहेर बसते, शेजारी पाण्याची भरलेली बादली ठेवून. कोणी विडी पेटवली की काडी विझेपर्यंत तिची नजर हलत नाही. मी रस्ता बदलून जातो, पण परवा तिने हाक मारली.

"मास्तर, सुकट न्या की. का राग हाय अजून माज्यावर?"

"राग कसला? उदबत्ती नाही लावत आता?"

"नाय. तुमचं सगल्यांचं जाललं मी. आता देवाला नुसतं हात जोडते." मूठभर सुकट जास्तीची टाकत ती म्हणाली, "कोनाकडनं आनली ते घरी सांगू नका. खानार नाय कोन."

घरी सगळ्यांनी ती आवडीने खाल्ली. माझ्या वाटची मी बायकोच्या ताटात सरकवली.

इस्त्री माझी होती, हे तिला चारचौघांत सांगायचं अजून राहिलं आहे.