दिवस मावळायच्या आत

सांगलीच्या एसटी स्टँडवर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी बॅग गाडीत वर ठेवली, खाली उतरले आणि खिडकीपाशी येऊन उभे राहिले. मांडीवर माझी तंबोरी होती, मिरजेच्या कारागिराकडून मुद्दाम लहान करून घेतलेली. सांगलीतल्याच विश्रामबागेतली नोकरी मी आठवड्यापूर्वीच सोडली होती. साताऱ्यात खोली घ्यायची, स्वतः गाणी लिहायची आणि स्वतःच म्हणायची, एवढा माझा बेत. आप्पा म्हणाले, "एवढं शिकीवलं ते लोकांच्या दारात गायाला व्हय गं?" गाडी सुटली तेव्हा त्यांनी हात केला, पण तोही ड्रायव्हरकडे बघून.

तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे पुण्याला, बंगळूरला पांगलात, ते सगळे मला भेटलात की एकच विचारता: आप्पांनी तुझं गाणं ऐकलं का? लग्नाच्या मांडवात विचारता, फोनवर विचारता. गावाकडच्या ग्रुपवर तर एकाने जाहीरच विचारलं होतं, आणि खाली पंधरा जणांनी हात जोडले होते. कशाबद्दल जोडले ते त्यांनाच ठाऊक. म्हणून एकदाच सगळ्यांना सांगून टाकते.

साताऱ्यात मला पहिली वर्षं कुणी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, लय रडले. एका हॉटेलात गायला उभी राहिले, तर तिथल्या लोकांना जुनी सिनेमातली गाणी हवी होती. शेवटी माझ्या घरमालकीण काकींच्या भिशीला बायका जमल्या असताना त्यांनीच हाक मारली, "ये गं, म्हण एखादं, नाहीतरी भिंतीतून ऐकूच येतं." मी बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या बायकांवरचं म्हटलं:

बेदाणा निवडून बोटं झाली गोड,
घरी लेकरू चाटतंय, म्हणतंय आणि थोडं.

एकीने डोळ्याला पदर लावला. तिचं माहेर कोरेगावकडचं. महिन्याभरात तिने मला माहेरी नेलं आणि भावाच्या अंगणात गायला बसवलं. तिथे वाईहून आलेली एक सून होती, तिने वाईला नेलं. माझे श्रोते असे वाढले. पोस्टर नाही, तिकीट नाही, एका बाईच्या माहेराहून दुसरीच्या माहेरी. कुणी शेंगा दिल्या, कुणी गुळाची ढेप, कुणी पाकिटात घालून काही. मोबाइलवर रेकॉर्ड केलेली माझी गाणी माझ्याआधी पुढच्या गावी पोचलेली असायची. बायका म्हणायच्या, "ते आमचं गाणं म्हणा की." आमचं म्हटलं की मला बरं वाटायचं.

आणि वेळ ठरलेली, संध्याकाळी पाच ते सात. रानातली कामं उरकलेली असतात आणि रात्रीच्या स्वयंपाकाला अजून अवकाश असतो. या वेळेत बाई आपली असते, हे मी साताऱ्यात शिकले आणि मला त्याचा फार अभिमान होता.

माहेरामाहेरांतून फिरत ही वाट कराडवरून खाली उतरली आणि गेल्या थंडीत माझ्याच गावी आली. बोलावणं माझ्या वहिनीचं होतं. बस्तीसमोर, म्हणजे आमच्या जैन मंदिरासमोर, सतरंज्या अंथरल्या, माइक लावला. वेळ मीच कळवली होती, साडेपाच. सगळी गल्ली आली. आप्पाही आले, मागे कट्ट्यावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या गाण्याला बसले होते.

दोन गाणी बरी झाली. तिसरं सुरू केलं आणि एक म्हातारी उठली. मग तिची सून. मग बसलेली एकेक रांग. सगळ्यांत शेवटी आप्पा उठले, धोतर झटकलं आणि वळून चालायला लागले. मी डोळे मिटून गात राहिले. मनात म्हटलं, संपलं. परक्यांच्या अंगणात चालतं ते आपल्यांना नको आहे.

वहिनी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, जेवायचं न्हाई व्हय? दिवस बुडाय लागलाय की."

मी तंबोरी खाली ठेवली. आमच्या घरांत अंधार पडल्यावर अन्नाला हात लावत नाहीत. लहानपणी खेळ अर्धा टाकून आम्ही जेवायला पळायचो, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. थंडीतला दिवस सहाला मावळतो आणि मी माझ्याच माणसांना साडेपाचला गायला बसवलं होतं. लोक उठून गेल्याचं दुःख तिथल्या तिथे पळालं. मी विसरले कशी, याचं मात्र आलं, आणि ते जास्त होतं.

तेवढ्यात आप्पा आले. हातात ताट, भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. "उजेड हाय तवर खा. मग म्हण."

मला खोटं बोलवेना. म्हटलं, "आप्पा, तिकडं माझं जेवण रातीचंच होतंय. लय वर्सं झाली."

आप्पा ताट माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "हितं तरी दिवसा जेव."

मी माइकशेजारी बसून जेवले. माणसं तोंड पुसत परत आली, शाली लपेटून बसली. आता कुणाला घाई नव्हती. साताऱ्यात सातच्या सुमाराला बायका घड्याळाकडे बघायला लागतात, इथे सगळ्यांची चूल विझलेली. इतकं निवांत ऐकणारी माणसं मला आजवर मिळाली नव्हती. आप्पा या वेळी पुढे, सतरंजीवर बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत.

संपल्यावर म्हणाले, "वरचा आवाज बसलाय तुझा. रातीचं जेवतीस म्हणून."

तर हो, आप्पांनी ऐकलं. वरचा आवाज कुठे बसतो ते कळेपर्यंत ऐकलं.

गाव कुठलं, असं मला प्रत्येक कार्यक्रमात विचारतात. पूर्वी मी सांगलीकडची म्हणायचे, मग साताऱ्याची म्हणायला लागले, आता दोन्ही म्हणताना अडखळते. कार्यक्रम असला की जेवण रात्रीच होतं, त्याला इलाज नाही. पण रिकाम्या दिवशी ऊन असतानाच ताट घेऊन खिडकीशी बसते. परवा काकींनी दारातून बघितलं. म्हणाल्या, "एवढ्या लवकर जेवायला बसलीस, गावाला निघालीस काय गं?"

म्हटलं, "न्हाई काकी. घरीच हाय."