बोर्डाच्या कोपऱ्यातली चिमणी

मोहालीतल्या आमच्या कारखान्यात ई-रिक्षांचे चार्जर बनतात. त्यांच्या आतल्या सर्किट बोर्डाची मांडणी करणाऱ्या आम्ही दोघीच. जवळच्या खरड गावाहून स्कूटीवर येणारी ती, आणि चंदीगडच्या सरकारी क्वार्टरमधून येणारी मी. रिवाज असा, की जिची मांडणी उत्पादनात जाईल तिने बोर्डाच्या कोपऱ्यात, तांब्यातच, आपली एक छोटी खूण कोरायची. तिची खूण चिमणी. आजवरच्या सगळ्या चार्जरांत तीच बसलेली. माझी खूणही कधीची ठरलेली होती, कोल्हापुरी चप्पल, पण ती कुठेच उमटली नव्हती. नवरा हवाई दलात. कुठल्याही गावात माझा बोर्ड पक्का व्हायच्या आत आमची खोकी बांधलेली असायची. ती मात्र जन्मापासून एकाच घरात. चिमणीइतकाच मला त्या घराचाही हेवा वाटायचा.

नव्या चार्जरसाठी साहेबांनी दोघींकडूनही मांडणी मागवली. मी जीव ओतला. माझे कपॅसिटर रांगोळीच्या ठिपक्यांसारखे एका ओळीत. तिच्या स्क्रीनवर डोकावले, तर तिचा एक कपॅसिटर तिरका, स्विचला अगदी खेटून बसवलेला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

नॉइज टेस्टमध्ये माझा बोर्ड नापास झाला. हा स्विच सतत चालू-बंद होत असतो. त्याच्या आणि कपॅसिटरच्या मधे करंट जी फेरी मारतो ती जितकी मोठी, तितका विजेचा गोंगाट आसपास पसरतो. हे मला कॉलेजपासून पाठ आहे, पण कपॅसिटर स्विचजवळ सरकवायला ती ओळ काही मोडवली नाही. तिचा तो तिरका ठोंब्या पहिल्याच फटक्यात पास. "वधाई," मी तिच्या पंजाबीत अभिनंदन केलं, आणि जेवणाच्या सुट्टीत तिने पुढे केलेला आलू पराठा नको म्हणाले. पोटात आधीच जळत होतं.

मग पूर्ण लोडवर चालवल्यावर तिचा स्विच इतका तापला, की हात लावता येईना. उष्णता पसरवायला लागणारं तांबं तिने हात राखून दिलं होतं. माझ्या बोर्डावर ते ऐसपैस, आणि स्विच जेमतेम कोमट. माझा आनंद गगनात मावेना. साहेब म्हणाले, "दोनों को मिलाकर एक बना लो जी."

त्याच संध्याकाळी नवरा दारातच म्हणाला, "अगं, पोस्टिंग आलं."

म्हणजे दोन्ही बोर्ड एकत्र करणार ती एकटी. तांबं माझं आणि वर चिमणी तिची. भांडी कागदात गुंडाळताना मी मनातल्या मनात त्या चिमणीची पिसं उपटत होते.

माझ्या शेवटच्या दिवशी नवे बोर्ड बनून आले. त्यातला एक माझ्या हातात ठेवत ती म्हणाली, "दीदी, देखो तो सही. आपके बिना तो ये जल ही जाता."

कोपऱ्यात चिमणी होती. तिच्या शेजारी चप्पल, अंगठ्यासकट नीट काढलेली.

डोळे भरून आले. तरी मी टेबलावरचं भिंग ओढलं आणि आधी पाहिलं, चिमणी मोठी आहे का. दोन्ही खुणा अगदी सारख्या होत्या. मी तिला मिठी मारली, आणि मारता मारता वाटलं, निदान मनाने तरी हिने माझ्याहून लहान असायचं होतं.