जांभळ्याशेजारी पिवळा

कुठलंही फूल द्वारकाबाई सावलीत पाहायच्या नाहीत. भर बाराच्या उन्हात नेऊन धरायच्या आणि म्हणायच्या, "सावलीत काय, समदेच गोरे. उन्हात टिकंल तो रंग."

वाळूजच्या आमच्या कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून होतो, त्या बागकामाला. धनगराच्या घरच्या, दौलताबादहून रोज यायच्या. वाफ्यात कुणी पान खाऊन थुंकलं की दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणायच्या, "शिसारी आली बघा मला." मोठा साहेब असला तरी त्याच्या तोंडावर.

फाटकासमोरच्या उन्हाच्या वाफ्यासाठी पुण्याहून डे-लिलीचे कंद आणायचं ठरलं. यादी करायला मी त्यांच्यासमोर रोपवाटिकेचं रंगीत पुस्तक उघडलं. साहेबांना सगळा वाफा लालभडक हवा होता. बाईंनी मान हलवली. "लालाशेजारी लाल म्हंजे नुसता गोंगाट. जांभळ्याशेजारी पिवळा लावा भाऊ, दोघंबी उठून दिसतात." गडद जांभळा दुपारच्या उन्हात करपतो, हेही त्यांनी ओळखलं. म्हणून बारानंतर भिंतीची सावली येते त्या बाजूला त्यांनी जांभळे कंद लावले, पुढं लिंबासारखे पिवळे. पहिल्या बहराला पाळीच्या बसमधून उतरणारी माणसं तिथं थबकायची.

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. बसमध्ये माणसं शेजारी कोण बसलंय ते बघून उठायला लागली होती. कँटीनमध्ये काहींनी आपापले पेले घरून आणले. कशासाठी, ते सगळ्यांना ठाऊक होतं; बोलत कुणी नव्हतं. मीही नाही.

मग कुणीतरी साहेबांचे कान भरले, की फाटकावर निळी फुलं लावलीत, झेंड्यासारखी. साहेबांनी मला चिठ्ठी टाइप करायला सांगितली: निळी झाडं आजच काढावीत. मी टाइप केली.

चिठ्ठी वाचून दाखवल्यावर बाईंनी विचारलं, "भाऊ, जांभळं अन् निळं तुमाला कळतं का नाय?"

"कळतं."

"मंग बोलला का नाय?"

"नोकरी आहे, बाई."

"अन् निळी असती, तर उपटायची व्हय?"

मी चिठ्ठीची घडी घातली. बाईंनी कुदळ उचललीच नाही. शेवटी दोघा कामगारांनी जांभळे गड्डे ओरबाडून काढले आणि कँटीनमागच्या खरकट्याच्या गटारात फेकले. आंबलेल्या वरणाच्या त्या घाणीत बाई कोपरापर्यंत हात घालून एकेक गड्डा काढत होत्या. नळाखाली धुतले, पदरात बांधले आणि फाटकाबाहेर पडल्या. पुन्हा आल्या नाहीत. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. शिसारी आली होती ती खरकट्याची नव्हती.

काही वर्षांनी विद्यापीठाचं नाव बदललं. त्याच साहेबांनी गळ्यात हार घालून पेढे वाटले. माझ्या वाट्याचा पुडा घेऊन मी दौलताबादला बाईंकडे गेलो. अंगणात जांभळी, पिवळी लिली दाट फुलली होती. बाईंनी तांब्याभर पाणी दिलं. मी पुडा पुढं केला.

"कुणी वाटले?"

मी सांगितलं. त्यांनी पुडा दोन बोटांनी उचलून माझ्या पिशवीत परत ठेवला.

"घिऊन जा भाऊ," त्या म्हणाल्या, "अन् वाटंत फेकू नका. जनावरं तोंड लावतील."